गाडी फलाटाला लागल्याशिवाय

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट हळू आवाजात केली नाही. पडलेसुद्धा ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे. त्यात त्यांचा दोष नव्हता. उभी नोकरी त्यांनी एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारण्यात काढली होती. स्टँडवर लाउडस्पीकर होता, पण साडूंचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ते खिडकीतून अर्धे बाहेर येत, मान वर करत आणि "फुलंब्री, सिल्लोडमार्गे जळगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे" असं अशा काही आवाजात सांगत की ज्यांना जळगावला जायचं नव्हतं तेही उठून चार पावलं चालत येत. घरी आल्यावर तो आवाज सदऱ्यासारखा खुंटीला टांगता येत नसे. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, चहाचं आधण उतरवलं की बाहेरच्या खोलीतून पुकारा व्हायचा, "चहा स्वयंपाकघरातून निघालेला आहे." माझ्या लग्नात नवरीला साडी नेसायला वेळ लागला तेव्हा हे मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, "वधू काही मिनिटं उशिरानं धावत असून वऱ्हाडींनी आपापल्या जागा सोडू नयेत." निम्म्या वऱ्हाडाने खुर्च्यांखालच्या पिशव्या उचलल्या. हे या घराण्यात आनुवंशिक आहे का, असं माझ्या आईने मला हळूच विचारलं. तेही माझ्यासारखेच बाहेरून आलेले जावई आहेत, हे कळल्यावर तिला जरा बरं वाटलं.

बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणे. ते मला पाहुणे म्हणत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी पाहुणेच. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो त्यांनी सगळ्या संसाराला लावला होता: गाडी फलाटाला लागल्याशिवाय पुकारायची नाही. लांबून दिसली, वळणावर आली, आत शिरली, तरी नाही. पुतण्याची सोयरीक ठरल्याचं सगळ्या पाहुण्यारावळ्यांना कळलं होतं, पण साडू बोटात अंगठी दिसेपर्यंत "कशाची सोयरीक?" म्हणत राहिले. स्वतःचा सदरा भिजल्याशिवाय पाऊस आला हे ते कबूल करत नसत, आणि त्या वर्षांत सदरा भिजण्याचा प्रसंग फारसा आलाच नाही. अक्कांना लग्नानंतर फार वर्षांनी एकदा दिवस गेले होते. नियमाप्रमाणे साडूंनी ते कुणालाही सांगितलं नाही, आणि पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही. हे मला बायकोने एकदाच सांगितलं. त्यानंतर मी त्यांच्या नियमाची टिंगल करणं बंद केलं.

आता शहराचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय साडूंचं पडणं समजायचं नाही. आमचं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, त्या वर्षांत चारी बाजूंनी फुगत चाललं होतं. हर्सूलच्या पुढे, जिथे आम्ही हुरडा खायला जायचो, तिथे पोहण्याच्या तलावासकट घरं मिळतील असे फलक लागले होते, आणि फलकाखालून बायका रिकाम्या घागरी घेऊन जात होत्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एखादा दिवस येतं. त्याला पाण्याचा दिवस म्हणतात. हा दिवस बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी पाहुण्याला बोलावत नाही, नोकरदार माणूस साहेबाला नुसतं "आज पाणी आहे" म्हणतो आणि साहेब, त्याच्याही घरी नळ असल्यामुळे, मान डोलावतो. मुहूर्त गुरुजी काढतात, पण तो मंजूर करतो व्हॉल्व्ह उघडणारा लाइनमन. आणि हडको वसाहतीतल्या आमच्या साडूंच्या गल्लीत पाण्याच्या दिवसाचे सर्वाधिकार निवृत्तीनंतर आपोआप साडूंकडे आले होते. ते पहाटे नळाला कान लावून उकिडवे बसत. आधी पाइपातून हवा येते, मग खाकरल्यासारखा आवाज होतो, मग गढूळ धार लागते. शेजारची पोरं हवेचा आवाज ऐकून "आलं, आलं" म्हणायची. साडू एक बोट वर करून त्यांना थांबवत. धार बादलीत पडली की मगच उठत आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन पुकारत, "पाणी आलेलं आहे!" मग एकदम घराघरांतल्या पाणी ओढायच्या मोटारी सुरू होत.

गच्चीवरची टाकी भरली की पाणी बंद करणारा चेंडू त्यांनी बसवला होता, पण त्याच्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. अशाच एका पाण्याच्या दिवशी ते लोखंडी शिडीने टाकीवर चढले आणि झाकण उघडून आत डोकावले. भरल्याचं पुकारण्यासाठी वळले आणि शिडीची पायरी चुकली. "टाकी भरलेली..." एवढं गल्लीला ऐकू आलं आणि उरलेलं वाक्य खालच्या फरशीवर पडलं. मांडीचं हाड मोडलं होतं, खुबा निखळला होता. डॉक्टरांनी आत सळई घातली, पट्टी ठोकली, आणि महिनोन्महिने साडू पलंगावर होते.

पहिले काही दिवस त्यांनी पायालाही गाडीच केलं होतं. भेटायला आलेल्यांना सांगायचे, "उजवा पाय तांत्रिक कारणाने आगारात आहे." लोक हसायचे. मग ते कमी झालं. मग बंद झालं. पाण्याचा दिवस यायचा, गल्ली आपापल्या नळाला कान लावायची, मोटारी सुरू व्हायच्या, आणि पलंगावरचा माणूस खिडकीकडे पाठ करून पडून राहायचा. तो आवाज नसलेलं घर मला ओळखू येईना. एकदा अक्का मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, हे बोलनातच की. आधी मी म्हणायची, जरा गप बसा. आता मी चहा मुद्दाम आदळून ठेवते, तरी नाय. माझी जीभ झडावी, मीच म्हणलं होतं गप बसा." माणूस लंगडा झाला तर काठी देता येते, पण हे दुखणं वेगळं होतं.

या पलंगावरून त्यांना उठवलं ते एका वसतिगृहाच्या बाईंनी. फुलंब्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, मुलींचं एक छोटं वसतिगृह होतं. वाड्यावस्त्यांवरच्या मुली तिथे राहून शिकायच्या. साडू स्टँडवर असताना त्यांनी या मुलींना वर्षानुवर्षं गाडीत बसवून दिलं होतं, कंडक्टरला तंबी देऊन. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता आणि वसतिगृहाची विहीर आटली होती. बाई साडूंच्या पायाची चौकशी करायला म्हणून आल्या आणि बोलता बोलता सांगून गेल्या की पुढच्या महिन्यात पाण्याची सोय झाली नाही तर परीक्षेच्या तोंडावर मुलींना घरी पाठवावं लागेल. "एकदा घरी गेल्या की परत येत नाहीत दाजी," त्या म्हणाल्या. "कुणाचं लग्न लावून देतात, कुणाला ऊसतोडीला नेतात." साडूंनी खिडकीकडची पाठ वळवली आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा तो आवाज निघाला. म्हणाले, "वॉकर इकडं घ्या."

टँकर होते ते हाजीसाहेबांकडे. हाजीसाहेब मूळचे सिल्लोडचे, हर्सूलच्या पुढे त्यांच्या विहिरी होत्या, आणि शहरातून त्यांच्या पाण्याला इतकी मागणी होती की त्यांचा फोन कानापासून निघत नसे. गरिबीच्या दिवसांत ते रोज एस.टी.ने ये-जा करायचे, म्हणून साडूंना ओळखायचे. मी साडूंना रिक्षात घालून त्यांच्याकडे नेलं. हाजीसाहेब ऐकून घेऊन म्हणाले, "मियाँ, मेरी बाउड्यां का पानी भी नीचे बैठ रहा. और तुम शहरवाले सिर्फ बातां करते. गाँव के पानी के वास्ते शहर का एक आदमी धूप में खड़ा रहा क्या आज तक?" साडू म्हणाले, "राहील की. किती पायजेत?" हाजीसाहेबांनी चिडून हात वर केला. "वो वसतिगृह के पीछे डोंगर है ना? शहर के जितने लोगां चढ के ऊपर देवी तक जाएँगे, उतने टँकर मेरी तरफ से. फुकट. बोलो." वसतिगृहाच्या मुली मोजायच्या नाहीत, त्या तर रोज सरपणाला चढतात, हेही त्यांनी बजावलं. साडू काठीवर तोल सावरत म्हणाले, "मी बी शहरातलाच ना? मग मी बी चढणार." हाजीसाहेबांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं.

मग साडूंची तालीम सुरू झाली. हर्सूलचा तलाव तेव्हा तळापर्यंत कोरडा पडला होता. साडूंना सपाट जागा हवी होती आणि शहरात खोदून न ठेवलेली सपाट जागा तेवढीच उरली होती. रोज सकाळी ते त्या भेगाळलेल्या तळातून फिरत, आणि मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मागून जाई. जिथे लहानपणी आम्ही बुडायला भीत होतो तिथे एक काठीवाला माणूस धूळ उडवत चाललेला असायचा. डॉक्टरांनी जिने टाळा सांगितलं होतं. "डोंगर टाळा असं म्हणलेले नायत," हा साडूंचा मुद्दा होता. अक्कांनी शपथा घातल्या, रडून पाहिलं, शेवटी एक जाड मोजा आणून दिला. गल्लीला मात्र भलताच उत्साह चढला. हास्यक्लबवाले, निवृत्त मास्तर, बँकेतले, सगळे म्हणाले, "दाजी, येतोच." काहींनी तर नवे बूट घेतले. बाई सोमवारी सकाळच्या गाडीने मुलींना घरी पाठवणार होत्या, म्हणून डोंगराचा रविवार ठरला. साडूंनी तो पाण्याच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिला होता. शनिवारी पाण्याचा दिवस. ड्रम भरलेले, टाक्या भरलेल्या, रविवारी माणूस मोकळ्या मनाने निघणार. असा हिशेब आमच्याच गावचा माणूस करू जाणे.

शुक्रवारी कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली. अशी ती फुटते, त्यात नवल काही नाही. शनिवारी नळ कोरडे राहिले आणि संध्याकाळी लाइनमन सायकलवरून सांगत गेला, "उद्या सकाळी येणार."

रविवारी उजाडताना साडू गल्लीच्या तोंडाशी उभे होते. दोन काळीपिवळी जीपा सांगून ठेवल्या होत्या. माझ्या बायकोने मला ढकलून बाहेर काढलं होतं. "तुम्ही जा दाजींबरोबर. पाणी मी बघते," असं तिने म्हटलं, नाहीतर मीही नळाशीच असतो. आम्ही थांबलो. आत घराघरांतून बादल्यांचे आवाज येत होते. एका दारातून मास्तरांनी हात जोडून तोंड दाखवलं आणि परत घेतलं. साडूंनी मान वर केली. मला वाटलं आता चिडून काहीतरी बोलतील. पण त्यांनी पुकारलं, "फुलंब्रीमार्गे डोंगराकडे जाणारी गाडी लागलेली आहे. प्रवाशांनी कृपया यावे." तेवढ्यात नळांना धार लागली आणि सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. एक जीप आम्ही परत पाठवली.

हाजीसाहेब पायथ्याशी लिंबाखाली थर्मास घेऊन बसले होते. आम्ही दोघंच उतरलेलो पाहून ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे. वर पोचल्याची खूण म्हणून साडूंनी वरून पुकारायचं, एवढं ठरलं. मुली वसतिगृहाच्या ओट्यावर ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या ट्रंका बांधून तयार होत्या. मी ट्रंकांकडे पाहणं टाळलं.

डोंगर फार मोठा नव्हता, पण उघडाबोडका होता. पायाखाली सुटे दगड, निवडुंग, सावली कुठेच नाही. साडू डावा पाय वर टाकत, काठी रोवत आणि उजवा ओढून घेत. इतका वेळ न बोलता चाललेले साडू मी आधी कधी पाहिले नव्हते. मध्येच थांबत, ओठ घट्ट दाबत, माझ्याकडे न बघता "चला" म्हणत. वर देवीच्या ठाण्याशी पोचलो तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "पाहुणे, सदरा भिजला बरं का." मग कठड्याशी उभे राहून त्यांनी असा पुकारा केला की खालची गुरं दचकली. "शहरातून निघालेले दोन प्रवासी देवीच्या ठाण्यावर पोचलेले आहेत!" खालून हाजीसाहेबांनी रुमाल हलवला. मुलींचा कल्ला ऐकू आला. मी त्या क्षणी फार खूश होतो. संपलं, असं मला वाटलं होतं.

खाली उतरल्यावर साडूंनी थर्मासमधला चहा घेतला, मोजा वर ओढला आणि पुन्हा डोंगराकडे तोंड केलं. हाजीसाहेब उठून उभे राहिले. "ये क्या लगाए मियाँ? एक आदमी एक बार."

"ही माझी खेप नाय," साडू म्हणाले. "गल्लीची आहे. हाजीसाहेब, वो लोगां खोटे नाय. पानी का दिन है आज. तुम्हीच सांगा, नळ सोडून माणूस कसा येईल? त्यांच्या तर्फे मी जातो."

"पाँव देखो अपना."

"लोक खोटे नायत, एवढं ध्यानात ठेवा," साडू म्हणाले आणि निघाले. माझ्या दुसऱ्यांदा चढण्याने काही वाढणार नव्हतं, तरी मी गेलो. त्या माणसाला एकटं सोडण्याची माझी छाती नव्हती.

निम्म्यावर त्यांचा पाय थरथरू लागला. पुढे पुढे ते बसून, हातांवर रेटा देत वर सरकू लागले. देवीच्या ठाण्याचा झेंडा दिसत होता, अगदी शेवटचं वळण राहिलं होतं, तेव्हा मांडीत काहीतरी कट्कन वाजलं. ते मलाही ऐकू आलं. साडू दगडाला टेकून बसले, चेहरा पांढराफटक. मी घाबरून म्हणालो, "दाजी, इथूनच पुकारा. खाली कुणाला काय कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही; वेदनेने डोळे भरले होते. "नाय पाहुणे. गाडी फलाटाला लागल्याशिवाय नाय." मला एकदम अक्कांचे ते न सांगितलेले दिवस आठवले आणि मी तिथेच खाली बसलो.

किती वेळ गेला कळलं नाही. खालून पुकाऱ्याची वाट पाहून पाहून शेवटी हाजीसाहेब स्वतः वर येताना दिसले. पोट सांभाळत, धापा टाकत, दर चार पावलांना थांबून डोंगराला बोल लावत. आमच्यापाशी आले, साडूंच्या पायाकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. शेवटचं वळण चढून ते ठाण्याशी उभे राहिले. पुकारायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि फाटक्या आवाजात ओरडले, "गाड़ी लग गई! सुनो सब! गल्ली की गाड़ी लग गई!" साडूंनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर मला हसू दिसलं.

वसतिगृहाच्या सतरंजीची झोळी करून जीपवाला, हाजीसाहेब आणि मी त्यांना खाली आणलं. सोमवारी मुली गेल्या नाहीत. टँकर येत राहिले. ठरल्यापेक्षा जास्तच आले असावेत, हाजीसाहेबांना कुणी विचारलं नाही. मग त्यांच्याही विहिरी बसल्या. मोठ्या मुलींची परीक्षा होईपर्यंत पाणी पुरलं, धाकट्यांना मात्र घरी जावं लागलं. त्यांतल्या किती परत आल्या, हे बाईंनी सांगितलं नाही आणि साडूंनी विचारलं नाही.

मांडीतली पट्टी वाकली होती. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली, आणि साडू त्या पलंगावरून परत उठले नाहीत. गल्लीतले लोक फळं घेऊन, खाली मान घालून यायचे. साडू प्रत्येकाला विचारायचे, "त्या दिवशी पाणी भरलं ना सगळं?" त्यात टोमणा नव्हता, खरोखरची चौकशी होती, आणि त्यामुळेच माणूस मेल्याहून मेल्यासारखा होऊन परत जायचा. आवाज मात्र परत आला होता. पाण्याच्या दिवशी अक्का बादलीत धार पडल्याचं आत येऊन सांगायच्या आणि पलंगावरून पुकारा व्हायचा. दिवसेंदिवस तो जवळच्या घरांपुरताच पोचू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात, एका पाण्याच्या दिवशी, पहाटे ते गेले. मी पोचलो तेव्हा नळ नुकताच खाकरला होता. धार लागली. मी वाट पाहत होतो की आता मोटारी सुरू होतील, कारण कितीही झालं तरी पाण्याचा दिवस होता. एकही मोटार सुरू झाली नाही. मास्तर आले, बँकवाले आले, हास्यक्लबवाले आले, त्यांतल्या काहींच्या पायात डोंगरासाठी घेतलेले बूट होते. बायका बादल्या तशाच सोडून आल्या. हर्सूलवरून हाजीसाहेब आले. नळांचं पाणी गटारातून गल्लीभर वाहत होतं आणि लोक त्या पाण्यात उभे होते. दुष्काळाच्या वर्षात असं पाणी वाहू दिलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

उचलायची वेळ झाली. अक्का दारापर्यंत आल्या, त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. मग वाकून साडूंच्या कानाशी म्हणाल्या, "अवो, आलेत सगळे. पुकारा की आता."